नीळ घातलेली भिंत

ऑटिली मार्चमध्ये गेली. छातीत कफ भरला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. मे महिन्यात तिच्या नवऱ्यानं, अल्बिन ब्रँडनरनं, दोघांचं भाड्याचं घर सोडलं आणि फोर्ट लीच्या मुख्य रस्त्यावर, बेकरीच्या माडीवर, एक खोली घेतली. एकट्या माणसाला तेवढी पुरे, असं सगळे म्हणाले. त्यालाही तसंच वाटलं होतं. घर सोडताना त्यानं पलंग विकला, कपाट मेव्हणीला दिलं, भांडी बांधून घेतली. स्वयंपाकघराची भिंत काही बांधून घेता येत नव्हती.

ती भिंत ऑटिलीनं रंगवली होती. अल्बिनचा धंदाच रंगाचा. आधी दुकानांच्या पाट्या, आणि गेली काही वर्षं कड्यावरच्या स्टुडिओत हलत्या चित्रांसाठी कॅनव्हासच्या भिंती. पण स्वतःच्या घराला हात लावायला त्याला कधी सवड झाली नाही. एका वसंतात ती कंटाळली आणि तिनंच चुन्यात कपड्यांची नीळ कालवून स्वयंपाकघर निळं केलं. मग चुलीवरच्या फळीखालून थेट दारापर्यंत लाल फुलांची एक ओळ काढली. खसखशीची फुलं, तिच्या माहेरच्या गावी शेतांच्या कडेनं असायची तशी.

"साचा कापून देतो," अल्बिन म्हणाला होता. "सगळी एकसारखी येतील."

"एकसारखी तुझ्या पाट्यांवर काढ," ती म्हणाली. "इथं मी राहते."

शेवटचं फूल दारापाशी आल्यावर जरा फुगलं. तो त्याला कोबी म्हणायचा. ती चिडायची नाही. पाहुणे आले की तीच म्हणायची, बसा त्या कोबीखाली.

ऑगस्टमध्ये तो एकदा त्या घरावरून गेला. नव्या भाडेकरूंनी खिडकी उघडी टाकली होती आणि आत पट्ट्यापट्ट्यांचा कागद चिकटवलेला दिसत होता. तो थांबला नाही. पण तेव्हापासून त्याला एक सवय लागली. सकाळी उठण्याआधी, डोळे मिटूनच, तो त्या स्वयंपाकघरात जाऊन यायचा. दारातून आत, डावीकडे चूल, वर फळी, फळीवर कॉफी दळायचं यंत्र, समोर खिडकी, खिडकीत नदीकडून येणारा उजेड. असं फिरून झालं की मग तो पाय खाली टाकायचा.

सप्टेंबरात एका सकाळी तो दाराशी आला आणि अडला. फुलांची ओळ दाराच्या अलीकडे संपत होती की दार उघडलं की त्याच्यामागे जात होती? कोबी झाकला जायचा का? त्याला सांगता येईना. तो तसाच पडून राहिला. खालून पावाचा वास येत होता. त्या घराचा एकही फोटो नव्हता. ते स्वयंपाकघर आता जगात फक्त त्याच्या डोक्यात उरलं होतं, आणि डोकं गळायला लागलं होतं.

त्याच आठवड्यात फेन्विकसाहेबांनी नवं काम सांगितलं. फेन्विकसाहेब नाटक बसवावं तशी हलती चित्रं बसवायचे. वयानं अल्बिनपेक्षा लहान, पण सगळेच त्यांना साहेब म्हणत, आणि ते नेहमी कुठंतरी जायच्या घाईत असत.

"पेंटर, एक स्वयंपाकघर पाहिजे," ते म्हणाले. "गरिबाचं, पण नीटनेटकं. नवरा शहरात जाऊन वाया जातो, बायको वाट बघत बसते. गुरुवारी सकाळी ऊन असेल तर घेऊन टाकू. तुम्हाला ठाऊकच आहे कसं ते."

अल्बिनला ठाऊक होतं. स्टुडिओतली स्वयंपाकघरं तपकिरी असत. दिवाणखाने तपकिरी, तुरुंग राखाडी, राजवाडा पिवळट. कारण कॅमेऱ्याला निळा रंग दिसतच नाही, तो त्याला पांढरा दिसतो, आणि लाल रंग काळा. पाच वर्षांत अल्बिननं निळ्याचा डबा उघडला नव्हता. तो डबा कुठं आहे हेसुद्धा त्याला शोधावं लागलं.

मलाकी डून हा आयरिश सुतार त्याच्या जोडीला होता. दोघांनी मिळून लाकडाच्या चौकटी ठोकल्या, त्यांवर कॅनव्हास ताणला, आणि उघड्या चौथऱ्यावर अडीच भिंती उभ्या केल्या. एका बाजूला जहाजाची खोली होती, दुसऱ्या बाजूला कुणा सरदाराच्या महालाचा जिना, जो चौथ्या पायरीवर संपत होता. वर तारांवर मांजरपाटाचे पातळ पडदे होते, ऊन गाळून घ्यायला. बुधवारी दुपारी मलाकी जिन्याचा कठडा बसवायला गेला आणि अल्बिन एकटाच भिंतींसमोर उरला.

त्यानं चुना घेतला, सरस घेतला आणि नीळ घेतली.

आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण हात सुरू झाला आणि मग थांबवावासा वाटला नाही. चूल कुठं, हे ठरवायला त्याला विचार करावा लागला नाही, हातच तिकडे वळला. फळी मलाकीनं बरोबर उंचीवर ठोकली होती, कारण त्या फळीच्या टोकाखाली बसून तो अनेक रविवारी जेवला होता. लाल फुलं काढायला अल्बिननं जुना, केस झडलेला ब्रश घेतला. चांगल्या ब्रशनं ती फार चांगली आली असती. एकेक फूल काढत तो दारापर्यंत आला आणि शेवटचं फूल फुगलं. मुद्दाम फुगवलं नव्हतं. दाराच्या चौकटीपाशी जागा जरा जास्त उरली होती, तिला ते पुरवावं लागलं.

म्हणजे ओळ दाराच्या अलीकडेच संपत होती. ऑटिलीलाही तेवढीच जागा उरली असणार, म्हणून तिचं फूल तसं झालं होतं. हे त्याला आता कळलं.

तो खुर्ची घेऊन आत बसला. नदीवरून वारा येत होता. कॅनव्हास आत जायचा, बाहेर यायचा, जशी काही भिंत झोपली आहे आणि सावकाश श्वास घेते आहे. मांजरपाटातून गाळून आलेलं ऊन दुधासारखं होतं, त्याला कुठली बाजू नव्हती. त्यानं डबा उघडून पाव आणि सॉसेज खाल्लं. खाताना तो उजवीकडे सरकून बसला होता, दुसऱ्या माणसाला जागा ठेवून. अर्धवट झोप लागली. झोपेत कुणीतरी पलीकडे भांडी हळू ठेवत होतं, झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून ठेवतात तशी. जाग आली तेव्हा मलाकी कठड्याचे खिळे डब्यात टाकत होता.

मलाकी आत आला, उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. मग ती परत घातली.

"अरे देवा," तो म्हणाला. "तू हे काय करून बसलास लेका?"

"स्वयंपाकघर."

"कुणाचं, ते दिसतंय मला." मलाकी भिंतीजवळ गेला. "कोबीसुद्धा काढलास." मग तो म्हणाला, "फेन्विक तुझी सालटी काढेल."

"काढू दे."

"काढू दे म्हणे. उद्या सकाळी मी काय सांगू? पेंटरला रातआंधळेपणा आलाय, तोही दिवसा?"

मलाकीनं दुसरी खुर्ची ओढली आणि तोही बसला, नेहमीच्या जागी, फळीखाली. डोक्याला फळी लागू नये म्हणून मान जराशी वाकवून. आता वाकवायची गरज नव्हती, फळी खरी होती पण खुर्ची बुटकी होती. दोघं तसेच बसून राहिले.

गुरुवारी ऊन पडलं. कॅमेरावाला मार्सो सर्वांत आधी आला. हा फ्रेंच माणूस, कमी बोलायचा. त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेला निळ्या काचेचा एक तुकडा असायचा. त्यातून पाहिलं की पडद्यावर काय कसं दिसेल ते आधीच कळायचं. त्यानं काच डोळ्याला लावली, काढली आणि अल्बिनकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत नाही असं तर नाही, पेंटर."

"नाही. माहीत आहे."

"मग?"

"विसरला तो," मलाकी मध्येच म्हणाला. "बायको गेल्यापासून असंच चाललंय. परवा चहात मीठ घातलंन."

मार्सोनं दोरी डोक्यातून काढली आणि काच अल्बिनच्या हातात दिली. "बघा तर एकदा."

अल्बिननं काच डोळ्याला लावली. भिंत नव्हती. नुसता पांढरा उजेड होता, आणि त्या उजेडात फळीखालून दारापर्यंत काळे डाग, कुणी काजळीचे हात पुसावेत तसे. दाराशी सर्वांत मोठा डाग. त्यानं काच काढली. भिंत परत आली, निळी आणि लाल. परत लावली. परत गेली.

"पलीकडे खानावळीचा सेट उभा आहे," मार्सो म्हणाला. "तपकिरी आहे. त्यातच चूल ठेवून भागवता येईल. साहेबांना मी सांगतो. म्हणजे तुमच्या भिंतीला हात लावायला नको."

"आणि ही?"

"ही संध्याकाळपर्यंत राहील. रात्री या चौकटी कोर्टाच्या सेटसाठी लागणार आहेत. धुऊन राखाडी करायच्या."

"आणि तपकिरी केली तर?"

"तर चित्रात येईल," मार्सो म्हणाला. "ऊन दहाच्या पुढं चांगलं आहे. तोवर होईल का?"

अल्बिन उभा होता. संध्याकाळपर्यंत खरी भिंत, नाहीतर कायमची खोटी. चित्र एकदा झालं की त्याच्या प्रती निघायच्या, गावोगाव जायच्या. ज्या गावी तो कधी पाऊल टाकणार नव्हता तिथंसुद्धा लोक त्या स्वयंपाकघरात बघणार होते. मग ते एकट्या त्याच्या डोक्यात राहिलं नसतं. त्यानं तपकिरी रंगाची बादली उचलली.

निळ्यावर तपकिरी घालायला वेळ लागला नाही. ओला तपकिरी रंग भिंतीवर चढत होता, आणि अल्बिन त्याच्याकडे न बघता ब्रश मारत होता. अडलं ते फुलांपाशी.

"मलाकी," तो म्हणाला. "ती फुलं कशी होती?"

"कशी म्हणजे? लाल."

"ते सोड. भिंतीपेक्षा उजळ की गडद?"

मलाकीनं विचार केला. "लाल होती, बाबा."

"अरे, रंग नको सांगू. रंग नाहीच आहे असं समज. मग उजळ का गडद?"

"रंग नाही तर मग फुलं तरी कशाला असतील? लाल म्हणजे लाल. सकाळी लाल, संध्याकाळी लाल. तुझी बायको सूप वाढायची तेव्हा मी समोर बघत बसायचो, मला विचार ना."

अल्बिनला हसू आलं. त्या वर्षात पहिल्यांदाच आलं असावं. मग त्यानं डोळे मिटले आणि हिवाळ्यातली सकाळ आठवली, दिवा लावायच्या आधीची, कॉफी उकळत असताना. रंग अजून उगवलेले नसत, सगळं राखाडी असे. त्या राखाडीत फुलं होती का? होती. पुढं आल्यासारखी होती. त्यानं फिक्या साईसारख्या रंगात ती काढली, एकेक करून, आणि काच डोळ्याला लावून पाहिली. बरोबर वाटलं. निदान चूक तरी वाटलं नाही.

दहाला फेन्विकसाहेब आले आणि म्हणाले, "छान. फुलं कुणाची कल्पना? छान." आणि पुढं गेले.

बायकोचं काम मिस लिंडन करत होत्या. त्या नेमक्या कोबीसमोर उभ्या राहिल्या. अल्बिन कॅमेऱ्याच्या मागं, बादलीवर बसून बघत होता. चुलीतला पाव बघायला त्या वाकल्या की कोबी दिसायचा, सरळ झाल्या की जायचा. वारा होताच. टेबलावरचा कपडा हलला, खिडकीचा पडदा आत उडाला, आणि फेन्विकसाहेब ओरडले की घरात वादळ आलंय का, कुणीतरी ते खाली ठोका. मलाकीनं टेबलाचा कपडा ठोकला. पडदा राहिला. मार्सो हँडल फिरवत होता, डोळे अर्धे मिटून, मनातल्या मनात काहीतरी मोजत. दुपारपर्यंत झालं. संध्याकाळी भिंती धुतल्या आणि अल्बिननंच त्यांना राखाडी रंग दिला.

चित्र ऑक्टोबरात लागलं. आधी एंगलवूडला. चित्रं तेव्हा रोज बदलत, एका गावी एक दिवस, मग पुढल्या गावी. अल्बिन कामावरून सुटल्यावर विजेच्या ट्रॉलीगाडीनं गेला. हॉलमध्ये अंधार, ओल्या कोटांचा वास, कोपऱ्यात पियानो. पडद्यावर ऊन पडलं आणि स्वयंपाकघर उघडलं.

ते होतं. चूल डावीकडे, फळी, खिडकी, फुलांची ओळ. कुणीतरी फुंकर घातल्यासारखा खिडकीचा पडदा उडाला. घरात वारा कुठून आला हे कुणी विचारलं नाही. मिस लिंडन वाकल्या आणि कोबी दिसला. अल्बिननं दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. मग स्वयंपाकघर गेलं, शहर आलं, नवरा दारू पिऊ लागला.

दुसऱ्या दिवशी तो हॅकेनसॅकला गेला. मग युनियन हिलला. त्याचे दिवस विचित्र झाले. सकाळी तो भिंती रंगवायचा, दुपारी धुऊन टाकायचा, आणि संध्याकाळी ट्रॉलीच्या खिडकीतून दिवे लागलेली अनोळखी गावं मागं जात असायची. प्रत्येक गावात अंधार करून लोक त्याच्या स्वयंपाकघरात बघत बसलेले असायचे. कुठं पियानो असायचा, कुठं नुसतं व्हायोलिन. चित्रावर ओरखडे पडायला लागले, आधी बारीक, मग पाऊस लागल्यासारखे, आणि स्वयंपाकघरात पाऊस पडत राहिला.

"नटीच्या प्रेमात पडलास म्हणे," मलाकी एकदा म्हणाला. "सगळं वर्कशॉप बोलतंय. मी म्हटलं, असू दे, पन्नाशीला जरा उशीर होतो, पण होतं."

"मूर्ख आहेत."

"आहेतच. पण तू रोज जातोस कुठं?"

"घरी," अल्बिन म्हणाला.

मग एका सकाळी अल्बिननं अंथरुणातच डोळे मिटले आणि दारातून आत गेला. चूल डावीकडे. फळी. खिडकी. सगळं जागच्या जागी होतं, काही अडलं नाही. पण सगळं राखाडी होतं. भिंतीवर पाऊस पडत होता. चुलीपाशी कुणी वाकलं होतं. अल्बिन थांबला. ती सरळ झाली आणि वळली, आणि ती मिस लिंडन होती.

त्यानं डोळे उघडले, परत मिटले. निळा आणायचा प्रयत्न केला. निळा हा शब्द आला, रंग आला नाही. ऑटिलीचे केस कसे बांधलेले असत ते आठवायला गेला तर मिस लिंडनची वेणी आली, डोक्याभोवती गुंडाळलेली. ऑटिलीनं आयुष्यात तशी वेणी घातली नव्हती, एवढं त्याला माहीत होतं. पण कशी घातली होती ते दिसत नव्हतं. तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला आणि त्या दिवशी कामाला उशिरा गेला. हे आपणच केलं, आपल्याच हातानं त्यावर तपकिरी फासलं, असं त्याला दिवसभर वाटत राहिलं.

संध्याकाळी चित्र होबोकनला होतं. जायचं नाही असं त्यानं ठरवलं, आणि ट्रॉली आली तेव्हा चढला. खोलीत बसून त्या राखाडीकडे बघण्यापेक्षा तिकडं जाऊन बघितलेलं काय वाईट.

होबोकनचा हॉल बंदरापाशी होता, लांबट, बुटका, गोदामासारखा. चित्र सुरू झालं तेव्हा त्यानं मान खाली घातली. स्वयंपाकघर येतंय हे त्याला पियानोवरून कळलं, आणि तेवढा वेळ तो आपल्या बुटांकडे बघत बसला. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. नवरा परत आला, बायकोनं दार उघडलं, सगळं संपलं. मग यंत्रावरचं रीळ बदलायला पडद्यावर पाटी आली, मंडळींनी जरा धीर धरावा म्हणून, आणि भिंतीवरचे दोन दिवे लागले. लोक खोकू लागले, शेंगा फोडू लागले.

"मेला परत आला तर तिनं दार उघडलं कसं म्हणते मी," मागची बाई म्हणाली. "मी लाटणं घेऊन उभी राहिले असते."

"तू रडत होतीस की आत्ता," दुसरी म्हणाली.

"रडले ते त्या घरासाठी. किती टापटीप ठेवलं होतं बाईनं. ती फुलं बघितलीस?"

"पिवळी असतील, नाही? पिवळी शोभतील."

"पांढरी होती. भिंत तपकिरी आणि फुलं पांढरी."

"तपकिरी कशानं? तू काय आत जाऊन बघितलंस?"

अल्बिन वळला. दोन बायका होत्या, एक साठीची, एक तिशीची, दोघींचे हात लाल आणि भेगाळलेले, गरम पाण्यात दिवस काढणाऱ्यांचे असतात तसे.

"निळी होती," तो म्हणाला. "भिंत निळी होती. फुलं लाल."

दोघींनी त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला हो काय माहीत?" म्हातारी म्हणाली.

"मी रंगवली ती. म्हणजे माझ्या बायकोची होती, तिनं आधी रंगवली. तिच्यावरून मी केली."

"निळीवर लाल," तरुण बाई म्हणाली. "हौशी होत्या म्हणायच्या."

"होती. मार्चमध्ये गेली."

म्हातारीनं मान हलवली. मग तिनं विचारलं, "निळी कशानं केली? विकतचा रंग?"

"नाही. चुन्यात नीळ घालून. कपड्यांची."

"कपड्यांची?" म्हातारी सावरून बसली. "आम्ही दोघी लाँड्रीत आहोत. वॉशिंग्टन स्ट्रीटवर. नीळ मला सांगू नका. चुन्यात नीळ घातली तर महिन्यात उडते. राखेसारखी होते भिंत."

"नाही उडाली. सात वर्षं होती."

"शक्यच नाही."

"अहो, मी तिथं राहत होतो."

"राहत असाल. पण तुमच्या बायकोनं तुम्हाला सगळं सांगितलेलं दिसत नाही. नुसत्या चुन्यावर नीळ धरत नाही. काय घातलं होतं तिनं त्यात?"

"काही नाही. चुना, नीळ, पाणी," अल्बिन म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याच्या नाकात एक वास आला. आंबूस. आठवडाभर घरात तो वास होता. तो दारातून आत आला होता आणि म्हणाला होता, इथं काय गाय मेली का. खिडक्या उघड्या होत्या, आणि ती शिडीवर होती, डोक्याला त्याचाच जुना रुमाल बांधलेला, मागं गाठ, गाठीखालून केस सुटलेले, कोपरापर्यंत निळी. निळी. कपाळावर निळा ठिपका. ती वरून म्हणाली होती, तुझ्या सरसापेक्षा माझ्या आजीचं बरं, सरसाला भेगा जातात.

"ताक," तो म्हणाला. "तिनं ताक घातलं होतं. पाण्याच्या ऐवजी. बेकरीच्या मागच्या दूधवाल्याकडून आणलं होतं, बादलीभर. मी विसरलो होतो."

"ताक होय," म्हातारी म्हणाली, आणि तिच्या तोंडावर समाधान पसरलं. "मग राहील. ताकानं राहील."

"घरभर वास होता. मी पोर्चवर जेवायचो."

"आणि ती?" तरुण बाईनं विचारलं.

"ती आत. तिला नाही यायचा म्हणे वास. सर्दी झाली होती तिला तेव्हा, आणि ती म्हणायची, सर्दी आहे तोवर रंगवून घेते."

तरुण बाई हसली. दिवे गेले, पियानो सुरू झाला, पडद्यावर एक जाडा पोलीस कुत्र्यामागं धावू लागला. अल्बिन मागं वळूनच बसला होता. म्हातारीनं विचारलं की लाल कशानं काढलं, आणि त्यानं हळू आवाजात सांगितलं. मग रुमालाबद्दल सांगितलं. मग कोबीबद्दल, आणि त्या दोघी इतक्या हसल्या की पुढून कुणीतरी शू केलं. तो बोलत होता तसतसं ते येत होतं, फळीखालून, चुलीवरून, आणि त्यात पाऊस नव्हता. पडद्याचा पांढरा उजेड तिघांच्या तोंडावर लुकलुकत होता आणि त्यांच्यापैकी कुणीच तिकडं बघत नव्हतं.

सुटल्यावर तिघं बरोबरच बाहेर पडले. थंडी होती, बंदरावर बोटीचा भोंगा वाजत होता. उद्या ते चित्र कुठल्या गावी जाणार, हे दारावरच्या माणसाला विचारायचं राहून गेलं, आणि आठवण झाली तेव्हा अल्बिन मागं वळला नाही.

"आमचं मागचं न्हाणीघर काळं पडलंय," म्हातारी कोपऱ्यावर थांबून म्हणाली. "रविवारी करून बघते. बादलीला नीळ किती?"

"चमचाभर. मग बघून वाढवा. पण ताक आधी कपड्यानं गाळून घ्या," अल्बिन म्हणाला. "नाहीतर गुठळ्या भिंतीवर राहतात. तिच्या राहिल्या होत्या, खिडकीच्या खाली. हाताला लागायच्या."